नंबर प्लेटीला हवा भरणारी गाडी

चतुर्थी जवळ आली, बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान दिसू लागलं, की मला ती लाल रंगाची छोटी गाडी हटकून आठवते. नोकरीत मी चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, दोन खुनांचे तपास केले. त्यातलं बरंचसं आता विसरलो, आणि विसरलो ते बरंच झालं. पण ज्या प्रकरणात ना गुन्हा होता ना आरोपी, आणि चूक सर्वस्वी माझी होती, ते मात्र काल घडल्यासारखं लख्ख आठवतं. नावं कोणाचीच देत नाही. ज्यांची आहेत ती माणसं वाचतील तर स्वतःला ओळखतील आणि हसतील.

गोवा राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती. मी उपनिरीक्षक होतो आणि पेडणे तालुक्याच्या टोकाला, तेरेखोल नदीकाठच्या एका चौकीचा ताबा माझ्याकडे होता. चौकी म्हणजे दोन खोल्या, एक वायरलेस आणि एक जुनी जीप. कोकणी राजभाषा झाली होती, मराठीचाही मान राखला होता. आमच्याकडे त्याची वाटणी आपोआप झाली होती: डायरी आणि पंचनामा मराठीत, वायरलेस इंग्रजीत आणि आरडाओरडा कोकणीत. चौकीसमोर फेरीबोटीचा धक्का होता. पलीकडे तेरेखोलचा किल्ला आणि थोडीशी घरं. ती घरं गोव्याचीच, पण त्यांच्या मागे चार पावलांवर महाराष्ट्र लागतो. गोव्याची स्वस्त दारू तिकडे नेणाऱ्यांना ही वाट फार आवडे, म्हणून फेरीवर आमचा पहारा असे.

पहाऱ्यावर एक हवालदार होता. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, घर नदीपलीकडे तेरेखोलातच. चौकीच्या खिडकीतून त्याला स्वतःच्या घराचं छप्पर दिसे, पण चतुर्थीच्या दिवसांत ते नुसतं बघत बसावं लागे. सणासुदीला पोलिसांच्या रजा रद्द होतात. सणाआधी पंधरा दिवस तो चौकीतच झोपे आणि सणाच्या दिवशी कुठल्या तरी बंदोबस्ताला जाई. अकरा वर्षं त्यानं आपल्या घरचा गणपती मखरात बसताना पाहिला नव्हता. तक्रार कधी केली नाही, पण आकडा मात्र त्याला पाठ होता.

या हवालदाराची एक विद्या तालुकाभर प्रसिद्ध होती. गाडी थांबवायची की नाही, हे तो गाडीच्या मागच्या भागावरून ठरवी.

"सायब, डायवराचा थोबाड बघू नये. थोबाड खोटा बोलता. गाडयेचा ढुंगाण बघूचा. ता कधी खोटा बोलना नाय," असं तो म्हणे.

माल भरला की छोट्या गाडीची मागची बाजू बसते, नाक वर होतं. दोन माणसं बसलेली गाडी मागून दबलेली दिसली की हवालदारानं शिट्टी मारलीच म्हणून समजा. डिकीत खोके निघायचेच. मीही या विद्येचा भक्त झालो होतो, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

चतुर्थीला दहा दिवस असतील. आमच्या चौकीला रोज संध्याकाळी पाव घालणारा पोदेर सायकल उभी करून आत आला. नेहमी बाहेरूनच भोंगा वाजवणारा हा माणूस आत येतो म्हणजे काहीतरी असणार. त्यानं आधी पावाचे उंडे मोजून टेबलावर ठेवले, मग आवाज खाली केला.

"सायबा, हांवें म्हज्या दोळ्यांनी पळयलें. धक्क्या लागीं एक तांबडी गाडी रावता. एक बाय सकयल देंवता आनी नंबर प्लेटीक वारो भरता."

"हवा? टायरला भरत असेल."

"टायराक न्हय सायबा! नंबर प्लेटीक! पायान दाबपाचो पंप घेवन!"

मी हसलो. पण हवालदार हसला नाही. तो म्हणाला की ही गाडी त्यानंही पाहिली आहे. मागे छोटी ट्रॉली जोडलेली, ट्रॉलीवर ताडपत्री. एवढं ओढून आणि एवढं भरून गाडीची मागची बाजू जराही बसत नाही, जणू रिकामीच आहे. तीस वर्षांत त्याची विद्या पहिल्यांदाच चुकत होती, म्हणून त्याला झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी अडवली. चालवणारी तिशीतली एक बाई होती, शेजारी सत्तरीचा एक म्हातारा. सून आणि सासरा. गाव मुळगाव, डिचोलीकडचं. ताडपत्री काढली तर आत पोती, आणि पोत्यांत ओली, चिकण माती. मागची सीट काढून टाकलेली, तिथेही मातीचीच पोती. हवालदारानं दोन पोती उपडी केली, सळई घालून बघितली. मातीशिवाय काही नाही. सीटच्या पायाशी पाण्यानं काठोकाठ भरलेला एक तांब्याचा तांब्या तेवढा होता. माती नेणं हा गुन्हा नव्हे. मी गाडी सोडली.

दोन तासांनी तीच गाडी तीच माती घेऊन परत आली! हवालदारानं एका पोत्याला हळूच लाल दोरा बांधला होता, तो जसाच्या तसा होता. दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. पलीकडे माती न्यायची, अलीकडे तीच माती आणायची. आता मात्र माझी खात्री पटली की ही रंगीत तालीम आहे. सणाच्या गर्दीत मातीच्या जागी दुसराच माल जाणार. वरिष्ठांना मी तसं कळवूनही टाकलं आणि त्यांची शाबासकी आगाऊ घेतली.

दोघांना चौकीवर बोलावून जबाब घेतले. वेगवेगळ्या खोल्यांत, एकच प्रश्न. ही जुनी रीत आहे. खोटं बोलणाऱ्यांची उत्तरं फार नीट जुळतात आणि खरं बोलणाऱ्यांची थोडीफार इकडे तिकडे होतात, हा माझा अनुभव. पण या दोघांनी माझा अनुभवच धाब्यावर बसवला.

म्हाताऱ्याला विचारलं, "गाडीत काय नेता?"

"माती, सायबा."

"कशाला?"

"माती व्हरपाक आनी हाडपाक." न्यायला आणि आणायला. व्यवसाय विचारला तर शेती म्हणाला. बोटांच्या नखांत मात्र पिवळा रंग होता. मी तो पाहिला, आणि हळदीचा असेल म्हणून सोडून दिला. तपासात सर्वांत महाग पडतं ते हे 'असेल'.

सुनेला तोच प्रश्न केला. ती सिंधुदुर्गातली, बोलायला खणखणीत. तिचा बाप खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात फिटर होता, हे तिनं न विचारताच सांगितलं.

"गाडीत काय नेतेस?"

"पाणी."

"पाणी? किती?"

"तांब्याभर. पयल्या खेपेक येताना अर्धा र्‍हवला होता. काल पाऊण र्‍हवला." आणि ती चक्क खूश दिसली.

"आणि नंबर प्लेटीला हवा कसली भरतेस?"

इथे तिनं शेजारच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सायबांनू, चवथ होवंद्यात. मगे सगळा सांगतंय. माझ्या मामांनी शपथ घातली हा." मामा म्हणजे तिचा सासरा.

एक म्हणतो माती, दुसरी म्हणते पाणी, आणि चतुर्थी होईपर्यंत थांबा! पोलिसाला याहून अधिक काय हवं? मी दोघांना सोडलं आणि सापळा लावला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तयेच्या, म्हणजे हरताळकेच्या, दुपारी गाडी आली. ट्रॉलीवर ताडपत्री, खिडक्यांना आतून जुनी लुगडी लावलेली. मागची बाजू पुन्हा सरळ, हूं की चूं नाही. ओहोटी लागली होती. नदी उतरत गेली की धक्क्याचा उतार उघडा पडत जातो आणि फार उतरली की फेरीबोट थांबते. फेरीवाल्यानं हाक दिली की आता एकच खेप, मग उद्या सकाळी उशिरा. बाई गाडीतून उतरून पंप काढत होती, तेवढ्यात आम्ही चौघे पुढे झालो.

"ताडपत्री काढा," मी म्हणालो.

"सायबांनू, पलीकडे गेल्यार काढा. तुमी येवा आमच्या वांगडा. हय वारो आसा, धूळ आसा."

मला वाटलं, पलीकडे गेल्यावर म्हणजे चार पावलांवर महाराष्ट्र. मी हवालदाराला खूण केली. नंबर प्लेटीच्या दोन्ही बाजूंना टायरला असतात तसे दोन वॉल्व होते. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांची हवा काढण्यात हवालदाराची हयात गेलेली. त्यानं डाव्या वॉल्वची पिन क्षणात फिरवली. पिन हवेच्या जोरानं सटकन उडाली आणि टुपकन नदीत पडली. फूस्स आवाज सुरू झाला आणि ज्या गाडीनं दहा दिवस आम्हाला दाद दिली नव्हती, ती डाव्या अंगानं हळूहळू बसू लागली. हवालदाराच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याची विद्या खरी ठरली होती.

"वारो काढू नकात!" बाई किंचाळली. "मामांनू, धरा!" ती ट्रॉलीच्या खालच्या अंगाला धावली आणि ताडपत्रीला पाठ लावून उभी राहिली. म्हातारा गाडीचा दरवाजा उघडून अर्धा आत शिरला आणि कशाला तरी त्यानं दोन्ही हातांनी कवटाळलं. माणूस दारूचे खोके असे कवटाळत नाही, हे मला तेव्हा, आणि तेव्हाच, समजलं.

मी स्वतः ताडपत्रीची दोरी सोडली. आत हातभर गवताचा थर, त्याखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबी आणि त्यावर ओळीनं सहा गणपती. सातवा, सर्वांत मोठा, गाडीत म्हाताऱ्याच्या मिठीत होता. सगळ्यांचे चेहरे कोऱ्या रुमालांनी झाकलेले. आमच्या एका शिपायानं नकळत टोपी काढली. सातांतला एक जरी त्या हिसक्यानं तडकला असता, तर मी कुठल्या देवळात जाऊन काय सांगितलं असतं?

म्हाताऱ्यानं एकेका मूर्तीवरून बोटं फिरवली. सोंड, कान, हात. मग खाली बसला आणि पहिल्यांदाच सगळं बोलला.

तो मूर्तिकार होता. पलीकडच्या सात घरांचे गणपती पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शाळेत होत. मूर्ती घडवायच्या कारखान्याला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आमच्याकडची रीत अशी की घराघरातून आपला लाकडी पाट आधी शाळेत पोचता करायचा आणि मूर्ती त्याच पाटावर घडवायची. चतुर्थीला घरच्यांनी येऊन ती न्यायची. पण मुळगावचे रस्ते खाणीच्या ट्रकांनी खाल्लेले, आणि शेवटी हा धक्का. गेल्या वर्षी एका घरची मूर्ती याच उतारावर, गाडीची मागची बाजू आपटून, भंगली. त्या घरानं अभद्र नको म्हणून वाच्यता केली नाही, गुपचूप सुपारी पुजली. म्हाताऱ्याच्या मात्र ते जिव्हारी लागलं. यंदा सातही मूर्ती मीच पोचवीन, आणि एकीला जरी चरा गेला तर शाळा कायमची बंद, असं त्यानं देवाला सांगितलं होतं. आणि देव मखरात बसेपर्यंत भंगण्याची गोष्ट तोंडातून काढायची नाही, ही शपथ सुनेला घातली होती.

बाकीचं सुनेनं सांगितलं. तिचा भाऊ आखातात गॅरेजात होता. त्यानं रबराच्या दोन जाड पिशव्या पाठवल्या होत्या. मागच्या स्प्रिंगांच्या पोटात त्या बसवायच्या, बारीक नळी नंबर प्लेटीपर्यंत आणायची आणि हवा भरायची. ट्रॉलीचं वजन हुकावर पडून गाडी मागून बसते. मग ट्रॉली पुढे वाकते आणि हूक उतारावर घासतो. हवा भरली की सगळं एका रेषेत राहतं.

"पण चड भरलास तर गाडी कडक होता आणि उडता. कमी भरलास तर बसता. किती भरूची ता कसा कळतला? म्हणान मूर्तीच्या वजनाची माती घातली आणि तांब्याभर पाणी ठेवला. पाणी सांडला म्हणजे गणपती हललो. वाटेर वारो कमी, धक्क्यार जास्ती. चार खेपा केल्यार बेतान जमला."

म्हाताऱ्याचं लक्ष मातीवर होतं आणि सुनेचं पाण्यावर. दोघांनीही मला खरंच सांगितलं होतं.

"असली गाडी करायला परवानगी लागते, ठाऊक आहे?" मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"ठाऊक आसा सायबांनू. म्हणानच भियत होतंय. पण वजन मापाभायर एक किलो नाय. वारो गाडयेक ताकद दिना नाय, नुसता सांभाळता. ब्रेक तेच, चाका तीच."

हे चाललं होतं तेव्हा हवालदार ट्रॉलीपाशी उभा होता. शेवटच्या मूर्तीच्या पाटाकडे तो वाकून बघत होता. पाटाचा एक कोपरा जळून काळा झालेला होता. त्यानं त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

"सायब," तो म्हणाला. "हो आमच्या घरचो पाट. मी लहान असताना समई पडली होती."

गणपती आणणं त्याच्या भावाकडे. कुठल्या शाळेतून येतो, कोण घडवतो, याला पत्ता नाही. जगाच्या डिक्या उघडणाऱ्याला आपल्या घरचा देव कुठून येतो ते माहीत नव्हतं. आणि आज त्याच देवाखालची हवा त्यानं स्वतःच्या हातानं काढली होती.

फेरीवाल्यानं पुन्हा हाक मारली. पाणी भराभर उतरत होतं आणि उतार उघडा पडत चालला होता. रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा आणि वाटभर खड्डे. फेरी चुकली तर उद्या पूजेच्या वेळी सात मखरं रिकामी राहणार आणि एक शाळा बंद पडणार. अडलं होतं ते एका नखाएवढ्या पिनेवाचून, जी आम्ही नदीला अर्पण केली होती.

मी जीपकडे गेलो आणि स्टेपनीच्या चाकाची पिन काढून आणली. ती बरोब्बर बसली. मग पंप पायाखाली घेतला आणि भर गणवेशात नंबर प्लेटीला हवा भरू लागलो. हवालदार म्हणाला, "माका द्या सायब," पण मी दिला नाही. हवा काढायचा हुकूम माझा होता, तर भरायचं कामही माझंच. बाई बाजूला वाकून मोजत होती. "आनी मारा... आनी... पुरो! पुरो सायबांनू!" गाडीची मागची बाजू मानानं वर आली.

नेमका त्याच वेळी पोदेर सायकलवरून आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नंबर प्लेटीकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं.

"सायबा," तो म्हणाला, "तुमीय?"

सगळे हसले. म्हातारासुद्धा हसला, आणि डोळे पुसले.

हवालदाराला मी गाडीबरोबर पाठवलं. बंदोबस्तासाठी, उद्या संध्याकाळपर्यंत. "उद्या सकाळी, सायब?" त्यानं विचारलं. उद्या सकाळी म्हणजे प्रतिष्ठापना. मी म्हणालो, "मुद्देमाल मखरात बसल्याशिवाय बंदोबस्त संपत नाही." त्यानं अशी कडक सलामी ठोकली की तशी मला बढतीनंतरही मिळाली नाही.

बाईनं तांब्या काठोकाठ भरून हवालदाराच्या हाती दिला आणि सांगितलं, "ह्यो पायाकडे ठेवा. पलीकडे उतरल्यार बघा. भरलेलो असलो तर सायबांका दिसात असो हातात धरून उपडो करा."

गाडी उतारावरून बोटीत गेली. हूक धक्क्यापासून चार बोटं वर राहिला. मी काठावर उभा होतो. पलीकडच्या उतारावर काय होईल ते आता माझ्या हातात नव्हतं, आणि अशा वेळी माणूस स्वतःचा हिशेब घेतो. मी दोघांना 'काय नेता' एवढंच विचारलं होतं. 'कोणासाठी नेता' हे एकदाही विचारलं नाही. सरळ चालणाऱ्या गाडीचा मी संशय धरला, कारण मला वाकलेल्या गाड्या बघायची सवय लागली होती. पुढे सगळ्या नोकरीत मी नव्या पोरांना हेच सांगत आलो की सवय ही पोलिसाची अर्धी अक्कल आहे, पण अर्धीच. आणि बाईचं ते वाक्यही मी स्वतःपुरतं ठेवून घेतलं. खांद्यावरचे तारे म्हणजे भरलेली हवा. त्यानं ताकद वाढत नाही, नुसतं सांभाळायचं असतं. त्या आठवड्यात खरा माल घेऊन कोणी त्याच फेरीतून गेलं असेल का? गेलं असेलही. आम्ही मातीची पोती मोजण्यात दंग होतो.

बोट पलीकडे टेकली. लाल गाडी हळूहळू उतार चढली आणि सपाटीवर थांबली. पलीकडे माणसं जमलेली दिसत होती. हवालदार गाडीतून उतरला. त्यानं हात डोक्याच्या वर नेला आणि तांब्या उपडा केला.

पाणी पडतच राहिलं. एवढ्याशा तांब्यातून एवढं पाणी कसं येतं, असं वाटावं इतका वेळ. उन्हात त्याची धार लखलखली आणि मग पलीकडून "मोरया!" असा गजर आला. अलीकडून पोदेरानं भोंगा वाजवून त्याला साथ दिली.

गाडीचे कागदपत्र त्या बाईनं सणानंतर रीतसर करून घेतले, मी अर्ज लिहायला मदत केली. म्हाताऱ्याची शाळा पुढे कितीतरी वर्षं चालली. पण त्या संध्याकाळी मी चौकीत परतलो तेव्हा डायरीत नोंद करायची होती. मी लिहिलं: 'संशयित गाडी तपासली. माल सात नग. आक्षेपार्ह काही नाही.' वाचून पाहिलं आणि 'नग' हा शब्द मला बघवेना. मी तो ओळीनिशी खोडला, खाडाखोडीखाली नियमाप्रमाणे सही केली आणि पुन्हा लिहिलं: 'सातजण आणि एक हवालदार, सर्व सुखरूप घरी पोहोचले.'